वाट दाखविणारी आज्ञा

झाशीच्या जुन्या शहरकोटाला दहा दरवाजे. त्यांपैकी कित्येकांना पुढच्या गावाचे नाव मिळालेले आहे : ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा, सागर दरवाजा. ज्या दरवाजाला जे नाव, त्या गावाची वाट त्यातून निघते. पूर्वीच्या काळी परक्या वाटसरूच्या हाती नकाशा नसे; पण दरवाजाचे नाव कळले की पुढे काय आहे हे त्याला आपोआप कळे. नाव केवळ वस्तूची ओळख करून देत नाही, तर तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच नावात सांगितलेली असू शकते, हे तत्त्व झाशीच्या तटावर कोणालाही वाचता येते.

मराठी दप्तरातही हेच तत्त्व होते. मोडी कागदात एखाद्या गावाचा उल्लेख आला की ‘मौजे’ म्हणून गावाचे नाव, मग परगण्याचे, मग सुभ्याचे, अशी लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंड लिहिली जाई. एकाच नावाची चार गावे असली तरी त्यामुळे घोटाळा होत नसे. आजच्या सातबाराच्या उताऱ्यावर गाव, तालुका आणि जिल्हा असे जे लिहिलेले असते, ते या रीतीचेच चालू रूप होय. वस्तू पुष्कळ झाल्या म्हणजे त्यांना नुसती नावे देऊन भागत नाही. नावांची उतरंड रचावी लागते आणि त्या उतरंडीवरून वर-खाली हिंडण्याचे काही साधनही असावे लागते.

येथे ज्या साधनाचा विचार करावयाचा आहे ते दिसावयास अगदी क्षुद्र आहे. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक शब्द टंकित करावयाचा, पुढे एक-दोन खुणा द्यावयाच्या आणि कळ दाबावयाची. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. अशा रीतीने संगणकाला ओळीने आज्ञा देण्याच्या पद्धतीस ‘कमांड लाइन’ म्हणतात. तथापि या क्षुद्र साधनावाचून आजच्या जगातील प्रचंड आज्ञावल्या सांभाळणे अशक्य झाले असते. असे असूनही आपल्या शाळांत संगणकाचा परिचय करून देताना या साधनाला बहुधा सर्वांत शेवटी स्थान मिळते, किंबहुना ते मिळतच नाही. हा क्रम उलटा आहे, आणि तो सरळ करावयास हवा.

न दिसणारे शहर

फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण संगणकासाठी एक लहानशी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, पुढे ‘लिनक्स’ हे नाव मिळाले. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. २०२५ च्या प्रारंभी त्याच गाभ्यातील ओळींची संख्या चार कोटींवर गेली. एका पानावर चाळीस ओळी छापल्या तर दहा लक्ष पाने होतील. पाचशे पानांचा एक ग्रंथ धरला तर दोन हजार ग्रंथ होतील. एखाद्या गावच्या वाचनालयाची सर्व कपाटे या एकाच कृतीने भरून जावीत, एवढा हा पसारा आहे.

तो दूरदेशीचा आहे असेही नाही. अँड्रॉइड पद्धतीच्या प्रत्येक मोबाइल फोनमध्ये हाच गाभा असतो. म्हणजे झाशीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माणसाच्या खिशातही तो असतो. जगातील सर्वांत वेगवान म्हणून ज्या पाचशे महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते, त्यांतील सर्वच्या सर्व २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. ही कृती कोणा एका कंपनीची नाही. ती उघडी आहे. कोणालाही वाचता येते, आणि दोष आढळल्यास दुरुस्ती सुचविता येते.

उघडी आहे हे खरे. पण चार कोटी ओळी उघड्या असून उपयोग काय? ज्या ग्रंथालयात सूची नाही तेथे दार सताड उघडे ठेवले तरी वाचकाला हवे ते पुस्तक सापडत नाही. म्हणून या कृतीचे भाग पाडलेले आहेत. स्मृतीची व्यवस्था पाहणारा एक भाग, फाइलींची मांडणी पाहणारा दुसरा, जाळ्यातून संदेश नेणारा तिसरा, ध्वनीचा चौथा, आणि निरनिराळी यंत्रे चालविणारा ‘ड्रायव्हर्स’ नावाचा भाग तर इतका मोठा की निम्म्याहून अधिक ओळी एकट्या त्याच्याच आहेत. यांना उपप्रणाली म्हणतात. उपप्रणालीच्या पोटात आणखी उपप्रणाली, तिच्या पोटात आणखी, अशी ही उतरंड आहे. मुळाशी एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि टोकाशी पाने, असे तिचे रूप असल्यामुळे तिला वृक्ष म्हणण्याचा प्रघात पडला आहे. अशा वृक्षापुढे उभा राहणारा मनुष्य तीन प्रश्न विचारतो : अमुक गोष्ट कोठे आहे? ती कोणाच्या हाती आहे? आणि ती कशाच्या आधारावर उभी आहे?

पहिला प्रश्न : कोठे?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. फाइली फोल्डरांत आणि फोल्डर पुन्हा फोल्डरांत ठेवण्याची रीत तिने रूढ केली. १९७४ सालच्या तिच्या पाचव्या आवृत्तीत ‘फाइंड’ नावाची आज्ञा आली. फाइंड म्हणजे शोध. पन्नास वर्षे उलटून गेली, तरी ही आज्ञा आजही रोजच्या वापरात आहे. संगणकाच्या क्षेत्रात इतके आयुष्य फार थोड्या गोष्टींना लाभले आहे.

ही आज्ञा वृक्षावर हिंडते कशी, हे समजून घेण्यासाठी एखाद्या जुन्या वाड्याची झडती डोळ्यांपुढे आणावी. झडती घेणारा दिंडीतून चौकात येतो. चौकाला लागून सोपा असेल तर आधी सोप्यात शिरतो. सोप्यातून माजघर लागले तर माजघरात, माजघरातून कोठीची खोली लागली तर तीत. कोठीला पुढे दार नाही असे दिसले की तो माजघरात परततो आणि तेथे पाहावयाची राहिलेली दुसरी खोली पाहतो. माजघर संपले की सोप्यात येतो, सोपा संपला की चौकात. या रीतीने एकही खोली सुटत नाही आणि कोणतीही खोली दोनदा पाहावी लागत नाही. विशेष हे की, सर्व वाडा त्याला ध्यानात ठेवावा लागत नाही; आपण कोणकोणत्या दारांनी आत आलो आणि त्या खोल्यांत काय पाहावयाचे राहिले, एवढेच स्मरणात असले म्हणजे पुरे. वाडा कितीही विस्तीर्ण असला तरी स्मरणावरचा भार त्याच्या खोलीपुरता राहतो, विस्ताराइतका वाढत नाही. थोड्या स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही ही आज्ञा सुखाने चालते, त्याचे मर्म यातच आहे.

वाड्यात कधी चोरवाट असते. कोठीतून निघून ती पुन्हा पहिल्या चौकात उघडत असेल, तर झडती घेणारा बिचारा जन्मभर फिरतच राहील. संगणकातही अशा चोरवाटा असतात : एका जागी नुसते नाव असते आणि वस्तू दुसरीकडेच असते. फाइंड ही आज्ञा मुद्दाम सांगितल्यावाचून अशा वाटेने जात नाही; तिची केवळ नोंद घेते आणि पुढे सरते. ज्यांनी हे साधन घडविले त्यांनी हिंडण्याबरोबर न भरकटण्याचाही विचार केला होता, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरा प्रश्न : कोणाच्या हाती?

वस्तू सापडली म्हणजे काम अर्धेच होते. झाशीचा रेल्वे विभाग १९५१ पासून मध्य रेल्वेत होता आणि तिचे मुख्यालय मुंबईत होते. १ एप्रिल २००३ पासून तो उत्तर मध्य रेल्वेत गेला, जिचे मुख्यालय अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला आहे. २०२१ च्या अखेरीस स्थानकाच्या नावात राणी लक्ष्मीबाईंचे नाव आले आणि त्याची संकेताक्षरेही बदलली. या सर्व काळात रूळ एक तसूही हलले नाहीत. ग्वाल्हेर, बीना, कानपूर आणि माणिकपूर या चार दिशांना जाणाऱ्या वाटा होत्या तेथेच आहेत. परंतु ज्या कागदावर मुख्यालयाचा शेरा हवा तो कोठे धाडावयाचा, याचे उत्तर मात्र एका दिवसात बदलले. वस्तूचे स्थान ही एक गोष्ट आणि तिचे उत्तरदायित्व ही दुसरी. दोहोंची नोंद वेगळी ठेवावी लागते.

लिनक्सच्या गाभ्यात अशी नोंदवही आहे. ‘मेंटेनर्स’, म्हणजे सांभाळणारे, हेच तिचे नाव. तीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत उपप्रणालीचे नाव, ती सांभाळणाऱ्या व्यक्ती, त्या विषयाची चर्चा चालते ती टपालयादी आणि कोणत्या फाइली तिच्या कक्षेत येतात याची खूण असते. शिवाय तिची सद्यःस्थितीही स्वच्छ शब्दांत लिहिलेली असते. कोणी वेतन घेऊन सांभाळीत आहे, कोणी नुसते सांभाळीत आहे, कोणाला जेमतेम वेळ मिळतो, आणि काही भागांपुढे तर ‘अनाथ’ या अर्थाचा शब्दच लिहिलेला असतो. आपल्या पदरी अनाथ काय आहे हे जाहीरपणे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा पुष्कळ संस्थांनी उचलण्यासारखा आहे.

दोन हजार नोंदी वाचून योग्य ती हुडकण्यास दिवस जाईल. म्हणून २००९ साली या कृतीत एका लहान आज्ञावलीची भर पडली. तिचे नाव ‘गेट मेंटेनर’. तिला एखाद्या फाइलीचे नाव सांगावे, किंवा सुचविलेली दुरुस्ती जशीच्या तशी तिच्या हाती द्यावी. ती नोंदवही चाळते, फाइल कोणकोणत्या कक्षांत येते ते ताडून पाहते आणि कोणाला लिहावे त्यांची नावे पडद्यावर मांडते. नोंदवहीत नाव न मिळाले तर जुन्या दुरुस्त्यांचा इतिहास तपासून, त्या फाइलीला अलीकडे कोणी हात लावला होता ते सांगते. नोंदवहीच्या अगदी शेवटी ‘बाकी सर्व’ अशा अर्थाची एक नोंद आहे आणि तिच्यापुढे टॉरवल्ड्स यांचे नाव आहे. ज्याला दुसरे कोणी नाही, त्याचा भार शेवटी मूळ पुरुषाकडे जातो.

समजा, झाशीच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्या संगणकाच्या कळफलकावरील एक कळ नीट चालत नाही असे आढळले. ती चालविणारी फाइल त्याने शोधली, दोष हेरला, दोन ओळी बदलून पाहिल्या आणि कळ चालू लागली. आता हे कोणाला कळवावे? जगाच्या कोणत्या कोपऱ्यात कोण मनुष्य हा भाग सांभाळतो, हे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. त्याची तेथे ओळख नाही, वशिला नाही, इंग्रजीही कदाचित बेताचे असेल. तथापि एक आज्ञा दिली की नाव त्याच्यापुढे येते. त्याचे पत्र त्या सांभाळणाऱ्याकडे जाते. पसंत पडले तर तेथून वरच्या सांभाळणाऱ्याकडे आणि अखेरीस खोडापाशी. जी वाट फांदीकडे उतरण्याची, तीच दुरुस्तीने वर चढण्याची. मोठ्या संस्थेत परक्या माणसाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट म्हणजे ‘कोणाला विचारावे’ हे कळणे. ती अडचण ही आज्ञा दूर करते. हे साधन लोकशाहीचे साधन आहे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

तथापि साधन नोंदवहीहून अधिक शहाणे असू शकत नाही. फाइली हलल्या आणि नोंद तशीच राहिली तर साधन खोटे बोलेल, आणि ठामपणे बोलेल. झाशीच्या स्थानकाची जुनी संकेताक्षरे लिहिलेला फलक कोणी काढलाच नाही तर त्याने प्रवासी फसेल, तसेच हे आहे. म्हणून गेट मेंटेनरमध्ये स्वतःची परीक्षा घेण्याचीही सोय पुढे करण्यात आली. नोंदवहीतील कोणती खूण आज कोणत्याच फाइलीला लागू पडत नाही, हे ती सांगू शकते. लिहिण्याची प्रतिष्ठा मोठी मानतात आणि नोंद ताजी ठेवण्याचे काम हलके समजतात. वस्तुतः दुसऱ्यावाचून पहिले लवकरच निरुपयोगी होते.

तिसरा प्रश्न : कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचे महत्त्व २०२४ साली जगाला कळून आले. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंते काही मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश देणारी ‘एसएसएच’ नावाची आज्ञावली त्यांना किंचित मंद वाटली. प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक लागत होता. दुसऱ्या कोणी त्याकडे दुर्लक्ष केले असते. त्यांनी केले नाही. माग काढीत ते ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहान ग्रंथसंचापर्यंत पोहोचले. मजकूर दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. त्याच्या दोन ताज्या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविलेला होता, आणि त्यातून परक्याला थेट संगणकात शिरता आले असते. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा इशारा जाहीर केला.

हे घडले कसे? तो ग्रंथसंच वर्षानुवर्षे मुख्यतः एकच मनुष्य फावल्या वेळात सांभाळीत होता. कोणी एक अनोळखी साहाय्यक, ज्याचे खरे नाव आजही उघड नाही, दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्याच्या विश्वासास पात्र झाला आणि मग त्याने घात केला. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. एसएसएचला एक्सझेडची मुळीच आवश्यकता नव्हती. काही वितरकांनी सोयीसाठी एसएसएचला ‘सिस्टमडी’ या दुसऱ्या प्रणालीचा ग्रंथसंच जोडला होता, आणि त्या ग्रंथसंचाला एक्सझेड लागत होता. घराचे कुलूप भक्कम होते. पण शेजाऱ्याच्या परसातून एक वाट आत येत होती आणि तिची कोणाला आठवण नव्हती.

फोल्डरांच्या वृक्षावर ही वाट दिसत नाही. स्थानाचा वृक्ष वेगळा आणि आधाराचा वेगळा. आधाराच्या वृक्षावर हिंडण्यासाठीही एक आज्ञा आहे. तिला ‘एलडीडी’ म्हणतात. एखाद्या आज्ञावलीचे नाव दिले की ती आज्ञावली चालू होताना कोणकोणते ग्रंथसंच सोबत ओढून आणते, सरळ आणि आडवाटेने येणारे दोन्ही, त्यांची यादी ती देते. फ्रॉइंड यांच्या इशाऱ्यासोबत एक लहान तपासणी-आज्ञावली जोडलेली होती. तिने प्रथम हाच प्रश्न विचारावयाचा होता : या संगणकावरील एसएसएच आपल्याबरोबर तो ग्रंथसंच ओढून आणते काय? जगाच्या पाठीवर कोठेही बसलेल्या माणसाला हे क्षणात पाहता येत होते. जाणत्यांच्या बातमीची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येतो की, चित्रांवर बोट ठेवून सर्व काही करता येत असताना मुलांना शब्द पाठ करावयास का लावावे? चित्रांची पद्धत सोपी आहे हे मान्य केले पाहिजे. दहा-वीस फाइली असतील तेथे तीच योग्य. परंतु हजारो फाइलींत बोटाने शोध घेणे म्हणजे गंगेचे पाणी ओंजळीने मोजणे होय. दुसरे असे की, बोटाने केलेली कृती कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. आज्ञा ही लिहिलेली असते. नाशिकच्या विद्यार्थ्याने लिहिलेली ओळ झाशीच्या विद्यार्थ्याने जशीच्या तशी टंकित केली, आणि दोघांपुढचा वृक्ष एकच असला, तर उत्तर एकच येते. प्रयोग पुन्हा करून पाहता येणे हा विज्ञानाचा पाया आहे. या दृष्टीने आज्ञा ही प्रयोगाच्या कृतीसारखी आहे.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. प्रश्न विचारला असता माणसासारखी वाक्ये रचून उत्तर देणारी यंत्रे आता घरोघर आली आहेत. त्यांनाच विचारावे, आज्ञा शिकण्याचे श्रम कशाला? ही यंत्रे उपयुक्त आहेत, आणि कोणती आज्ञा द्यावी हे त्यांना खुशाल विचारावे. परंतु त्यांचे उत्तर संभाव्य असते. ते बरोबर असेल, पुष्कळदा असतेही, पण त्यांनी प्रत्येक खोली पाहिली आहे याची हमी नसते. फाइंड मात्र नेमून दिलेल्या वृक्षाचे प्रत्येक पान पाहते, आणि एखाद्या खोलीत शिरण्याची तिला मुभा नसेल तर तसे स्पष्ट सांगते. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे आणि स्वतः जाऊन पाहणे यांत जो भेद आहे तोच येथे आहे. ज्याला स्वतः जाऊन पाहता येत नाही, त्याला सांगणाऱ्याची परीक्षाही करता येत नाही.

शाळा आणि ग्रंथालये यांनी काय करावे

यासाठी पैसा लागत नाही. लिनक्सची संपूर्ण प्रणाली विनामूल्य मिळते आणि शाळांतून टाकून दिलेल्या कित्येक जुन्या संगणकांवरही ती चालू शकते. शिक्षकाने आज्ञावली लिहिण्याच्या आधी आज्ञावलीत हिंडावयास शिकवावे. लेखनाआधी वाचन हा क्रम भाषेच्या शिक्षणात आपण कधी मोडीत नाही. संगणकाच्या शिक्षणात मात्र मुलाला पहिल्याच दिवशी लिहावयास बसवितो आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याची सवय त्याला कधीच लागत नाही.

आरंभ अगदी घरगुती असावा. लिनक्समध्ये फाइलींना आणि फोल्डरांना देवनागरीत नावे देता येतात. विद्यार्थ्यांनी ‘झाशी’ नावाचे फोल्डर करावे; त्यात ‘किल्ला’, ‘शहर’ आणि ‘रेल्वे’; शहरात ‘दरवाजे’, आणि दरवाजांत ओरछा, दतिया व सागर. मग ‘एलएस’ या आज्ञेने समोर काय आहे ते पाहावे, ‘सीडी’ने आत शिरावे आणि बाहेर यावे, ‘ट्री’ने सगळा वृक्ष एका दृष्टिक्षेपात मांडून घ्यावा, आणि शेवटी फाइंडला ‘सागर’ शोधावयास सांगावे. आज्ञा पुरी होताच झाशी, शहर, दरवाजे, सागर अशी संपूर्ण वाट पडद्यावर उमटेल. मौजे आणि परगण्याची उतरंड येथे मोठ्याकडून लहानाकडे लिहिलेली आहे, एवढाच भेद. एका तासाच्या या खेळाने मुलाला जे कळेल ते व्याख्यानाने कळणार नाही.

ग्रंथपालांना तर ही विद्या नवी नाहीच. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली ज्ञानाचे दहा वर्ग पाडून प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग केले, आणि एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तेव्हापासून ग्रंथालय हाही एक वृक्षच आहे. वर्षातून एकदा कपाटामागून कपाट आणि फळीमागून फळी घेऊन जी ग्रंथपडताळणी होते, ती वाड्याच्या झडतीसारखीच चालते. वाचकांना संगणकाची ओळख करून देण्याचे काम म्हणूनच ग्रंथपालाइतके दुसऱ्या कोणाला साधणार नाही.

एक उणीव मात्र आपल्याकडची आहे आणि ती आपणच भरून काढली पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यासोबत त्याची माहितीपत्रेही असतात आणि त्यांत भाषांतरांची एक स्वतंत्र फांदी आहे. तीवर इटालियन, जपानी, कोरियन, स्पॅनिश आणि चिनी या भाषांच्या डहाळ्या आहेत. मराठीची नाही. तेथे कोणी दार लावलेले नाही. डहाळी लावावयास कोणी गेले नाही, एवढेच. इंग्रजी चांगले येणारा विद्यार्थी ही माहितीपत्रे वाचून पुढे जातो आणि न येणारा दारातच थांबतो. तो थांबतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर दरवाजावरचे नाव त्याला वाचता येत नाही म्हणून.

झाशीत १९७५ पासून विद्यापीठ आहे आणि १९८६ पासून अभियांत्रिकीची संस्था आहे. महाराष्ट्रात तर अशा संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी थोड्यांनी जरी या महावृक्षाची एकेक डहाळी दत्तक घेतली, कोणी अनाथ म्हणून लिहिलेली उपप्रणाली सांभाळावयास घेतली, कोणी एक माहितीपत्र मराठीत आणले, तर त्या नोंदवहीत या प्रदेशांतील नावे दिसू लागतील. एक्सझेडचा घात झाला तो सांभाळणारा एकटा पडला म्हणून. ज्या कृतीवर साऱ्या जगाचे व्यवहार चालतात, तिचा भार थोड्या थकलेल्या माणसांवर टाकून बाकीच्यांनी केवळ उपभोग घ्यावा, हे न्यायाचे नाही आणि सुरक्षितही नाही.

प्रथम कोठे आहे ते शोधावे, मग कोणाच्या हाती आहे ते विचारावे, मग कशाच्या आधारावर उभे आहे ते पाहावे. या तीन प्रश्नांसाठी तीन लहान आज्ञा आहेत. त्या शिकावयास एक आठवडा पुरेल. आणि ज्या मुलाला त्या आल्या, त्याला कोणत्याही मोठ्या आज्ञावलीच्या वेशीपाशी उभे राहून ‘पुढची वाट कोणती’ असे दुसऱ्याला विचारीत बसावे लागणार नाही.